वॉटसनचे हॉटेल ते एस्प्लनेड मॅन्शन : एका इमारतीचे मालक आणि मुक्काम

शाळेच्या आठवणी या स्मरणिकेत पुष्कळ जण लिहिणार आहेत. "तू इतिहासातलं काहीतरी दे," असे संपादक मंडळाने मला सांगितले, म्हणून हा लेख. विषय मुद्दाम असा निवडला आहे की जो आपल्यापैकी बहुतेकांनी डोळ्यांनी पाहिला आहे. म्युझियमच्या सहलीला किंवा जहांगीर कलादालनात जाताना आणि पुढे फोर्टमध्ये नोकरीला लागल्यावर बसच्या खिडकीतून ती दिसायचीच. काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेज, डेव्हिड ससून वाचनालय, आर्मी अँड नेव्ही बिल्डिंग अशी रांग लागते. त्या रांगेतली शेवटची, काळवंडलेली, गॅलऱ्यांना टेकू दिलेली इमारत म्हणजे एस्प्लनेड मॅन्शन. आपल्या वर्गातल्या वकील मंडळींना तिचे जिनेसुद्धा पाठ असतील. आज ती रिकामी आहे.

कोणत्याही इमारतीच्या इतिहासात तीन प्रश्न विचारावे लागतात. ती कोणाच्या मालकीची होती? तिच्यात कोण राहत वा काम करत होते? आणि पाऊस गळू लागला की छपरावर कोण चढत होते? ही तिन्ही उत्तरे एकाच माणसापाशी असतात तोवर इमारतीचे बरे चालते. एस्प्लनेड मॅन्शनची दीडशे वर्षांची गोष्ट म्हणजे ही तीन उत्तरे एकमेकांपासून दूर जात गेल्याची गोष्ट आहे.

तट पडला, मैदान मोकळे झाले

मुंबईचा किल्ला आपण पुस्तकात वाचला, प्रत्यक्षात पाहिला नाही, कारण तो १८६० च्या दशकातच पाडला गेला. गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांनी तटबंदी काढायचा निर्णय घेतला. तटापलीकडे एस्प्लनेड नावाचे मोकळे मैदान होते. त्याचे भूखंड आखून सरकारने ते बाजारात आणले. वेळ अशी होती की अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे (१८६१ ते १८६५) तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. शहरात पैसा इतका झाला की तो कुठे गुंतवावा हा प्रश्न पडू लागला. जमिनीच्या आणि शेअरच्या किमती आभाळाला भिडल्या. १८६५ मध्ये युद्ध संपले आणि फुगा फुटला. अनेक मोठी घराणी धुळीला मिळाली.

त्या काळात मुंबईत जॉन वॉटसन नावाचा एक इंग्रज कापडव्यापारी होता. तो मूळचा इंग्लंडच्या उत्तरेकडच्या कंबरलँड परगण्यातला. रेशीम आणि तयार कपड्यांच्या धंद्यात त्याचा चांगला जम बसला होता. एस्प्लनेडवरची जागा त्याने घेतली आणि मंदीतही इमारतीचा बेत सोडला नाही. ती उभी राहिली १८६७ नंतरच्या तीन-चार वर्षांत.

विलायतेहून आलेला सांगाडा

इमारतीचा आराखडा रोलंड मेसन ऑर्डिश या इंग्रज अभियंत्याचा. लंडनच्या सेंट पँक्रास रेल्वे स्थानकाचे अवाढव्य छत आणि टेम्स नदीवरचा आल्बर्ट पूल या कामांशी त्याचे नाव जोडलेले आहे. म्हणजे हा माणूस पूल आणि स्थानके बांधणारा. त्याने वॉटसनसाठी इमारत योजली तीही पुलासारखीच. इंग्लंडमधल्या डर्बी येथील फिनिक्स फाउंड्रीत लोखंडी भाग ओतून घ्यायचे, जहाजात भरायचे, मुंबईत आणून एकाला एक जोडायचे. उभे खांब बिडाचे आणि आडव्या तुळया घडीव लोखंडाच्या.

आपल्यातल्या इंजिनियर मित्रांना यातली गंमत लगेच कळेल, बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. जुन्या घरात भार भिंती पेलतात. म्हणून वाड्याच्या भिंती हात-दोन हात जाड असत आणि मजले फार चढवता येत नसत. वॉटसनच्या इमारतीत सगळा भार लोखंडी सांगाड्यावर आहे. भिंतींचे काम फक्त आडोशाचे. आज आपण ज्या टॉवरांत राहतो त्यांचे तत्त्व हेच, फक्त लोखंडाच्या जागी आरसीसी आले. गगनचुंबी इमारतींची आजी म्हणून शिकागोच्या होम इन्शुरन्स बिल्डिंगचे नाव घेतले जाते. तिचे बांधकाम पूर्ण झाले १८८५ मध्ये. काळा घोड्याचा सांगाडा त्याच्या बरीच वर्षे आधी उभा होता. देशातल्या टिकून राहिलेल्या बिडाच्या इमारतींत ही सर्वांत जुनी मानली जाते.

बिडाचा एक गुण आणि एक अवगुण लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल. बीड दाब उत्तम सोसते, पण ताण आणि धक्का सोसत नाही. ते वाकत नाही, तडकते. आणि लोखंड कोणतेही असो, पाणी मुरले की गंज आलाच.

पाहुणे आणि सात जुलैची संध्याकाळ

कापडव्यापाऱ्याची ही इमारत १८७१ च्या सुमारास हॉटेल म्हणून सुरू झाली. पाच मजले, सुमारे १३० खोल्या, रस्त्याच्या बाजूला लांबच लांब गॅलऱ्या आणि मधोमध काचेच्या छपराखाली मोठा चौक, जिथे नाचाचे कार्यक्रम होत. वाढायला इंग्लंडहून आणलेल्या मुली होत्या. प्रवेश फक्त गोऱ्यांना. जमशेटजी टाटांना इथे दारातून परत पाठवले आणि त्या अपमानातून ताजमहाल हॉटेल जन्मले, अशी कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. तिला समकालीन पुरावा नाही आणि अनेक अभ्यासक ती मानत नाहीत. पण ती इतकी टिकली याचे कारण उघड आहे. दारावरची बंदी खरी होती.

१८९६ च्या जानेवारीत मार्क ट्वेन जगप्रवासात मुंबईला आला तो इथेच उतरला. आपल्या प्रवासवर्णनात त्याने गॅलरीतल्या मुंबईच्या कावळ्यांवर मोठ्या प्रेमाने लिहिले आहे. हॉटेलात सगळ्यांना बंदी असली तरी कावळ्यांना नव्हती.

त्याच वर्षी ७ जुलैला इथे जे घडले त्यामुळे ही इमारत भारताच्या इतिहासात कायमची गेली. पॅरिसमध्ये ल्युमिएर बंधूंनी आपल्या चलच्चित्रांचा पहिला जाहीर खेळ केला २८ डिसेंबर १८९५ रोजी. त्यानंतर जेमतेम सहा महिन्यांत त्यांचा माणूस मारियुस सेस्तिए यंत्र घेऊन मुंबईत पोहोचला आणि वॉटसन हॉटेलात त्याने सहा छोटी चित्रे दाखवली. तिकीट १ रुपया. स्थानकात येणारी आगगाडी, कारखान्यातून सुटलेले कामगार, समुद्रस्नान असे ते विषय होते. एका चित्रात भिंत पाडण्याचे दृश्य होते. आठवड्याभरात खेळ नॉव्हेल्टी थिएटरात हलले आणि सर्वसामान्य मुंबईकरांना ते पाहता आले. या नव्या चमत्काराने भारलेल्यांत एक मराठी छायाचित्रकार होते, हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावे दादा. त्यांनी विलायतेहून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमध्ये झालेली कुस्ती चित्रित केली. भारतीयाने घेतलेले ते पहिले चलच्चित्र मानतात. दादासाहेब फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'ला तेव्हा अजून १४ वर्षे अवकाश होता.

हॉटेल गेले, कचेऱ्या आल्या

१६ डिसेंबर १९०३ रोजी अपोलो बंदरावर ताजमहाल हॉटेल उघडले. समुद्रासमोर, विजेच्या दिव्यांचे आणि कोणालाही बंदी नसलेले. वॉटसनचे दिवस तेव्हापासून उतरणीला लागले. १९६० च्या दशकापर्यंत हॉटेल इतिहासजमा झाले होते आणि इमारत खासगी मालकांच्या हाती होती. नावही बदलले. काही काळ महेंद्र मॅन्शन, पुढे एस्प्लनेड मॅन्शन.

नव्या मालकांना या इमारतीचे करायचे काय हा प्रश्न पडला नाही, कारण उत्तर पाठीमागेच होते. मागच्या बाजूला जुने सचिवालय. १८७४ मध्ये पूर्ण झालेल्या त्या इमारतीतून सरकारचा कारभार १९५५ मध्ये नव्या सचिवालयात, म्हणजे आजच्या मंत्रालयात गेला आणि तिथे शहर दिवाणी व सत्र न्यायालय बसले. चार पावलांवर उच्च न्यायालय. वकिलाला कोर्टापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर एक टेबल, चार खुर्च्या आणि पुस्तकांचे कपाट मावेल एवढी जागा हवी असते. हॉटेलच्या खोल्या यासाठी जणू बेतलेल्या. त्यांना लाकडी पार्टिशने पडली. एका खोलीच्या दोन झाल्या, दोनाच्या चार झाल्या. पोटमाळे निघाले. गॅलऱ्यांचे तुकडे बंद करून आत घेतले गेले. तळमजल्यावर टायपिंग, झेरॉक्स, चहा-नाश्ता अशी कोर्टाभोवती लागणारी सगळी दुकाने आली. काही कुटुंबेही राहत होती. या शतकाच्या सुरुवातीला इमारतीत ५३ कुटुंबे आणि ९७ व्यावसायिक गाळे होते. म्हणजे दीडशे बिऱ्हाडे.

हा बदल वाईट होता असे मी म्हणणार नाही. हॉटेल बंद पडले तेव्हाच ती पाडून दुसरी बांधली गेली असती, तर आज लिहायला विषयच उरला नसता. वकिलांनी, टंकलेखकांनी, चहावाल्यांनी तिला पन्नासेक वर्षे जिवंत ठेवले. ज्या दारातून हिंदी माणसाला आत घेत नसत, त्याच दारातून रत्नागिरीचा, साताऱ्याचा, जळगावचा पक्षकार कागदांची पिशवी घेऊन वर चढू लागला. मला विचाराल तर या वास्तूच्या चरित्रातला हाच भाग सर्वांत मानाचा आहे.

मग ती मोडकळीला का आली? त्यासाठी भाडेपावतीकडे पाहावे लागेल.

मालक एक, भाडेकरू दीडशे

दुसऱ्या महायुद्धात मुंबईत गर्दी उसळली आणि भाडी भडकू नयेत म्हणून सरकारने ती बांधली. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते तेच प्रमाण धरले. हेतू चांगला होता. गिरगाव-परळच्या चाळींतून आपली कित्येक घरे त्या कायद्याच्या छत्रीखाली वाढली, हे विसरून चालणार नाही. पण तात्पुरती म्हणून धरलेली छत्री अर्धे शतक उघडीच राहिली. महागाई कित्येक पट झाली, भाडे तिथेच थांबले. ज्या मालकाला महिन्याच्या वसुलीतून जिन्याचा कठडाही बदलता येत नाही तो इमारत कशाला दुरुस्त करील? आणि ज्या भाडेकरूचे नाव सातबारावर नाही, तो दुसऱ्याच्या छपरावर स्वतःचे पैसे कशाला घालील?

पण त्याच भाडेकरूच्या हाती एक मोलाची वस्तू होती. फोर्टमधला गाळ्याचा हक्क. तो पागडीने हातोहात फिरे. कायद्याला ती मान्य नव्हती तेव्हाही व्यवहार चालूच होते, १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने तिला रीतसर मान्यता दिली. त्याआधी १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोठवलेली भाडी काळाच्या ओघात अन्याय्य ठरली आहेत असे म्हटले होते. नव्या कायद्याने दरवर्षी ४ टक्के वाढ दिली. पण मूळ रक्कमच जिथे किरकोळ, तिथे तिचे ४ टक्के ते किती होणार!

सरकारने यावर १९६९ मध्ये एक तोडगा काढला होता. जुन्या इमारतींवर उपकर बसवायचा आणि त्या पैशातून सरकारी मंडळाने दुरुस्ती करायची. पुढे हे मंडळ म्हाडाकडे आले. म्हणजे आता छपरावर चढायचे काम तिसऱ्याच माणसाचे झाले. त्यात १९९५ मध्ये मुंबईचे वारसा नियम आले. ते देशात पहिलेच होते. एस्प्लनेड मॅन्शनला त्यात श्रेणी २-अ मिळाली, त्यामुळे साधी डागडुजी करायचीही वारसा समितीला विचारून.

हिशेब मांडून पाहा. मालकी एकाकडे, ताबा दीडशे जणांकडे, दुरुस्तीचा अधिकार म्हाडाकडे, परवानगी वारसा समितीकडे. प्रत्येकाजवळ 'नाही' म्हणायचे कारण होते. "मी करतो" म्हणायला कोणीच बांधील नव्हते. दरम्यान पोटमाळ्यांचे, पाण्याच्या टाक्यांचे, फायलींचे ओझे वाढत होते आणि दर पावसाळ्यात पाणी लोखंडात मुरत होते. ज्या चौकात एके काळी नाच होत तिथे कचरा साचला होता.

गॅलरी कोसळली

२००५ च्या जूनमध्ये वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड या संस्थेने जगातल्या सर्वाधिक धोक्यातल्या १०० वास्तूंच्या यादीत हिचे नाव घातले. प्रख्यात इटालियन वास्तुविशारद रेन्झो पियानो यांनी त्यासाठी आग्रह धरला होता. पाठोपाठ, १ जुलै २००५ रोजी, पश्चिमेकडच्या गॅलऱ्यांचा भाग कोसळला. एकाचा जीव गेला, काही जण जखमी झाले. जगाने मोठे म्हटले त्याच पंधरवड्यात आपल्या माणसावर ती पडली. वारशाची चर्चा करताना हा मृत्यू नजरेआड करू नये. 'जपा' म्हणणाऱ्या आपल्यासारख्यांवर पहिली जबाबदारी आत काम करणाऱ्याच्या आणि खालून जाणाऱ्याच्या जिवाची आहे.

त्यानंतरही टेकू, ताडपत्री आणि तारखा यांत चौदा वर्षे गेली. २०१८ मध्ये ओव्हलभोवतीच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींचा युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून गौरव केला. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर एस्प्लनेड मॅन्शन रिकामी करण्यात आली. अनेक दशकांचे दप्तर टेम्पोत भरून वकील मंडळी दुसरीकडे गेली. मुंबई आयआयटीच्या पाहणीत ती पाडावी असा अभिप्राय आला. वारसा-संवर्धनात मुरलेल्या वास्तुविशारदांचे म्हणणे उलट पडले. लोखंडी सांगाडा हा सुटे भाग जोडून केलेला आहे, त्यामुळे खराब भाग बदलून तो सावरता येईल, असे ते सांगत राहिले. वाद उच्च न्यायालयापुढे गेला. ज्या इमारतीत इतकी वर्षे दुसऱ्यांच्या मालमत्तेचे दावे लिहिले गेले, तिच्यावरच दावा उभा राहिला.

शेजाऱ्यांचे काय झाले?

"जुनी झाली की इमारत जायचीच," असे कोणी म्हणेल. म्हणून हाकेच्या अंतरावरची उदाहरणे पाहू. रीगल सिनेमासमोरचे महाराष्ट्र पोलीस मुख्यालय मुळात १८७६ मध्ये पूर्ण झालेले खलाशांचे विश्रामगृह, रॉयल आल्फ्रेड सेलर्स होम. व्हीटी स्थानकाच्या फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांचीच ती रचना. १९२८ पासून तिथे विधिमंडळ भरले, १९८२ पासून पोलीस आहेत. तीन मुक्काम झाले आणि इमारत खणखणीत आहे. जुन्या सचिवालयाचे न्यायालय झाले ते वर आलेच. १८७० चे डेव्हिड ससून वाचनालय नुकतेच देखणे दुरुस्त होऊन वाचकांना खुले झाले.

नव्या काळातले उदाहरण नरिमन पॉइंटचे. १९७४ ची २३ मजली एअर इंडिया बिल्डिंग म्हणजे आपल्या पिढीचे मुंबईचे चित्र. १२ मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटातूनही ती उभी राहिली. कंपनीचे मुख्यालय २०१३ मध्ये दिल्लीला गेले. २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ती १,६०१ कोटी रुपयांना विकत घ्यायला मान्यता दिली, कारण मंत्रालयाला जागा अपुरी पडत होती.

या सर्व ठिकाणी मुक्काम बदलला, पण प्रत्येक वेळी नवा रहिवासी आणि दुरुस्ती करणारा एकच होता, किंवा निदान एकमेकांच्या बांधिलकीत होते. एस्प्लनेड मॅन्शन यांतल्या काहींपेक्षा फारशी म्हातारी नाही. तिला घोर लागला तो वाटण्यांचा.

उपाय माणसांना ठाऊक नाही असे नाही. मालक, जुने भाडेकरू आणि सरकार यांनी एका संस्थेत हिस्से घ्यावेत, परत आलेल्या भाडेकरूने परवडेल पण दुरुस्ती भागेल इतके भाडे द्यावे आणि त्यातला ठरावीक भाग दुरुस्तीसाठीच बाजूला पडावा. आपल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांत सिंकिंग फंड असतो तसाच. हे बोलायला सोपे आणि जमवायला अवघड आहे. पण न्यायालय केवळ पाडणे थांबवू शकते, रोज सकाळी गटारे साफ करू शकत नाही. ते काम कोणाचे, हे एकदा ठरले पाहिजे.

शेवटी एक विनंती, खास आपल्या मंडळींना. वडिलांच्या, काकांच्या कपाटात एस्प्लनेड मॅन्शनची, किंवा फोर्टातल्या कोणत्याही जुन्या कचेरीची भाडेपावती, लेटरहेड, गॅलरीत काढलेला फोटो असेल तर रद्दीत टाकू नका. वास्तूचा निकाल काहीही लागो, तिच्यात कोण काय करत होते याचा पुरावा याच कागदांत आहे. आपल्या सोसायटीच्या पुढच्या सभेत गच्चीच्या गळतीचा विषय निघेल, तेव्हा "बघू पुढच्या वर्षी" म्हणण्याआधी काळा घोड्यावरून एकदा चक्कर मारून या.